हत्तीच्या पट्ट्यातली शेती: आधी काय करायचं, मग काय

दोडामार्ग असो, चंदगड-आजरा असो की गडचिरोलीचा धानपट्टा, ‘हत्ती आला’ म्हटल्यावर बहुतेक गावांत एकच क्रम दिसतो. आधी मोबाइल बाहेर निघतात, मग गर्दी जमते, मग फटाके फुटतात. वनरक्षकाला फोन त्यानंतर जातो आणि अंगणात झोपलेल्या म्हाताऱ्या माणसांना आत घ्यायचं सगळ्यात शेवटी आठवतं.

उपाय लोकांना माहीत नाहीत असं नाही. कुंपण आहे, बॅटरी आहे, हाकारी पथकही आहे. घोळ होतो तो क्रमात. हत्तीला हाकलणं हे यादीतलं जवळजवळ शेवटचं काम आहे. त्याच्या आधीची कामं झालेली नसतील तर हाकलताना पीकही जातं आणि माणूसही. म्हणून खालचे टप्पे क्रमाने वाचा आणि त्याच क्रमाने करा. पहिले चार टप्पे हंगामाआधीचे, पुढचे राखणीचे आणि त्या रात्रीचे आणि शेवटचा दुसऱ्या दिवशी सकाळचा.

सुरुवातीला एवढं पक्कं करा: तुमच्याकडे कोण येतो?

एकटा टस्कर, म्हणजे सुळेवाला नर, आणि पिल्लांसह कळप, या दोघांशी एकसारखं वागून चालत नाही.

सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या सीमेवर २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येत राहिले. तिथे बरेचदा गाठ पडते ती एकट्यादुकट्या नराशी. गडचिरोलीत २०२१ साली छत्तीसगडमार्गे आला तो कळप. एकटा नर माणसाला सरावलेला असतो, कुंपणाची परीक्षा घेतो आणि एकदा जमलं की त्याच जागी पुन्हा येतो. कळप एरवी माणसाला टाळतो, पण पिल्लू आणि माद्या यांच्या मध्ये कुणी आलं तर हल्ला जवळपास ठरलेला.

नर माजावर असेल तर सगळी गणितं बदलतात. डोळा आणि कान यांच्या मधून गालावर ओघळणारा काळपट स्राव, सतत ठिबकणारं मूत्र आणि त्याने भिजलेले मागचे पाय ही त्याची खूण. असा हत्ती हाकलायचा नसतो. त्याच्या वाटेतून माणसं बाजूला करायची आणि वन विभागाला ‘माजावर आहे’ हे शब्द स्पष्ट सांगायचे.

पूर्ण वाढलेला हत्ती दिवसाला दीडशे किलोहून जास्त चारा खातो. धावला तर ताशी वीस-पंचवीस किलोमीटरचा वेग सहज गाठतो, म्हणजे बांधावरून, चिखलातून पळणाऱ्या माणसापेक्षा तो जलदच. नजरेपेक्षा नाकावर त्याचा भरवसा जास्त. पुढच्या बहुतेक सूचना या वासाभोवतीच फिरतात.

टप्पा १: घर आणि खळं (पीक तयार होण्याच्या महिनाभर आधी)

शेताआधी घर, कारण माणसं घरात असतात. हत्ती भिंत पाडतो ती माणसावरच्या रागाने नव्हे. आतल्या तांदळाचा, मिठाचा, गुळाचा, पिकलेल्या फणसाचा किंवा मोहफुलांचा वास त्याला बाहेर येत असतो.

१. धान्याची जागा बदला. भाताची कणगी, तांदळाच्या गोणी, मीठ आणि पशुखाद्य बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. पत्र्याच्या झाकणबंद कोठीत आणि शक्यतो घराच्या मधल्या खोलीत ठेवा. गावात सोसायटीचं किंवा ग्रामपंचायतीचं पक्कं गोदाम असेल तर हंगामापुरतं सगळ्यांचं धान्य तिथे ठेवणं अधिक शहाणपणाचं.

२. झोपायची जागा बदला. ज्या भिंतीमागे धान्य आहे तिच्याकडे डोकं करून कुणी झोपू नये. मातीची किंवा कुडाची भिंत सोंडेच्या आणि डोक्याच्या एका रेट्याने आत येते आणि भिंतीखाली सापडतो तो तिथे झोपलेला माणूस. हा बदल फुकटचा आहे, तरी सगळ्यात कमी घरांत केलेला दिसतो.

३. मोहफुलं आणि दारू घरात साठवू नका. गडचिरोलीत वाळलेली मोहफुलं पोत्यांत भरून पडवीत ठेवायची पद्धत आहे. कळप तालुक्यात फिरत असताना ती विकून टाका किंवा गावाबाहेरच्या पक्क्या जागेत हलवा.

४. अंगणातली फळं उतरवा. कोकणात एप्रिल ते जून या काळात झाडाखाली पडलेला पिकलेला फणस म्हणजे हत्तीला घरापर्यंत आणणारी वाट. पिकायच्या आधीच काढा. पडलेला, कुजलेला माल लांब नेऊन पुरा. परसातली केळ घराच्या भिंतीला लागून असेल तर घड तयार होताच तोडा.

५. संडास आणि गोठ्याच्या वाटेवर उजेड ठेवा. पहाटे अंधारात घराबाहेर पडणं हा हत्तीच्या पट्ट्यातला सगळ्यात धोक्याचा क्षण. दिव्याचं बटण घराच्या आत हवं. आधी दिवा, मग खिडकीतून नजर, मग दार.

तपासा: रात्री घराबाहेर उभं राहून पाहा. मागच्या दाराने पळायला दुसरी वाट आहे का? एकच दार असेल तर निदान मोठी खिडकी मोकळी ठेवा.

भाताच्या उडव्या, पुंजणी, गवताच्या गंज्या घरापासून दूर रचा. त्यात नासाडी झाली तरी ती भरून निघते.

टप्पा २: शेत

हत्ती जंगलातून थेट पिकात उडी घेत नाही. काठावर थांबतो, वास घेतो, अंदाज घेतो. तो काठ त्याच्यासाठी जितका उघडा तितका तो बिचकतो. म्हणून शेत आणि रान यांच्या मधली झुडपं, घाणेरी, उंच गवत साफ करा. उसात हे जास्त महत्त्वाचं, कारण उंच उसात उभा असलेला हत्ती दहा पावलांवरूनही दिसत नाही. ऊसवाल्यांनी फडाच्या मधून एक रुंद पट्टा मोकळा ठेवलाच पाहिजे. चार सऱ्या कमी येतील, पण त्यामुळे कापणीला आलेल्या टोळीला पुढचं दिसेल.

मिरची, हळद, आलं ही पिकं हत्तीला आवडत नाहीत, म्हणून काठाला लावतात. लावायला हरकत नाही, पण त्या पट्ट्याने हत्ती थांबेल असं धरून बसू नका. तो मिरची खाणार नाही, तुडवत भातात जाईल. खरा फायदा वेगळाच: काठावरचं पीक तुडवलं गेलं तरी त्या ओळी खाल्ल्या जात नाहीत आणि काही उरतं.

लावणी आणि कापणी गावाने मिळून ठरवली तर फरक पडतो. भाताच्या दाण्यात दूध भरायला लागल्यापासून कापणीपर्यंतचा काळ सगळ्यात नाजूक. एकाच शिवारात कुणाचं हळवं (लवकर पिकणारं), कुणाचं निमगरवं, कुणाचं गरवं (उशिरा पिकणारं) असेल तर हत्तीला आठवडेच्या आठवडे मुक्कामाला कारण मिळतं. शेवटी उभं राहिलेलं एकुलतं शेत हमखास जातं, आणि ते बहुतेक वेळा मजूर न मिळालेल्या विधवेचं किंवा म्हाताऱ्या जोडप्याचं असतं. त्यांची कापणी गावाने आधी उरकून द्यावी. हे दयेपोटी नको, शिवारातलं आमिष लवकर संपावं म्हणून.

इशारा: हत्तीची नेहमीची वाट, म्हणजे ओढ्याकाठची, खिंडीतली किंवा धरणाच्या कडेची जागा, पिकाने किंवा कुंपणाने बंद करू नका. वाट बंद झाली की तो परत जात नाही, शेजारच्या वाडीतून वाट काढतो.

टप्पा ३: कुंपण

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

पहिली गोष्ट, आणि हिला अपवाद नाही: घरच्या लाइनचा, शेतीपंपाचा किंवा खांबावर आकडा टाकून घेतलेला प्रवाह कुंपणाच्या तारेत सोडायचा नाही. हत्ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे आणि असा प्रवाह सोडून तो मेला तर ती शिकार धरली जाते. शिक्षा तीन ते सात वर्षं आणि वर दंड. वीजचोरीचा गुन्हा वेगळा. पण कायदा बाजूला ठेवला तरी अशा तारेला हत्तीच्या आधी शेजारी चिकटतो, गुरं चिकटतात, रात्री पाणी द्यायला गेलेला आपलाच पोरगा चिकटतो.

सौर कुंपणाचं तत्त्वच वेगळं. त्यातला ऊर्जक यंत्रसंच बॅटरीतून हजारो व्होल्टचा, पण क्षणार्धाचा झटका साधारण सेकंदाला एकदा सोडतो. झटका जबरदस्त बसतो, जीव जात नाही. हा संच प्रमाणित आणि कुंपणासाठीच बनवलेला हवा. इन्व्हर्टर फिरवून गावात बनवलेला ‘जुगाड’ संच म्हणजे थेट वीज सोडण्याचाच दुसरा प्रकार.

जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाच्या संचासाठी अनुदान मिळतं. चालू वर्षाचा लाभ आणि अटी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. संच हातात आल्यावर पुढचा क्रम असा:

१. आधी रेषा साफ करा. तारेच्या दोन्ही बाजूंना मीटरभर गवत-झुडूप नको. तारेवर पडू शकेल असं झाड किंवा फांदी नको. हत्ती झाड ढकलून तारेवर पाडतो आणि त्या पुलावरून चालत जातो.

२. मग अर्थिंग, म्हणजे संचाची जमिनीशी जोडणी. बरीच कुंपणं इथेच फसतात. निदान तीन गॅल्व्हनाइज्ड सळया, प्रत्येकी दीड-दोन मीटर खोल, एकमेकींपासून तीन मीटर अंतरावर ठोका. घरच्या विजेच्या अर्थिंगपासून लांब ठेवा. जांभ्या दगडाच्या जमिनीत पावसाळा संपला की माती इतकी कोरडी होते की झटका बसतच नाही. तिथे सळ्यांभोवती कोळसा आणि मीठ भरा आणि जानेवारीपासून आठवड्यातून दोनदा पाणी ओता.

३. त्यानंतर खांब आणि तारा. वरची तार साधारण दीड ते दोन मीटरवर, खालची पिल्लाच्या उंचीला. इन्सुलेटर प्रत्येक खांबावर. एका खांबावरचा फुटका इन्सुलेटरही सगळं कुंपण निकामी करतो. सुळ्यांना झटका बसत नाही हे टस्कर लवकर शिकतो आणि तार सुळ्यावर घेऊन तोडतो, किंवा खांबच पायाने आडवा करतो. म्हणून खांब तारेच्या आतल्या बाजूला, हाताला न येईल असा असावा किंवा खांबालाही तारेचा वेढा द्यावा. केरळ-कर्नाटकात वरून लोंबत्या तारा सोडलेली कुंपणं याच कारणाने आली: त्यात खांब आत राहतो आणि तारा अंगाला लागतात.

४. शेवटी मोजणी. संचाजवळ मोजून उपयोग नाही. सगळ्यात लांबच्या टोकाला कुंपणाचा मीटर लावा. पाच हजार व्होल्टच्या खाली आकडा आला तर त्या रात्री तुमच्याकडे कुंपण नाही असं समजा. अर्थिंगच्या सळईवरही मीटर लावा. तिथे व्होल्टेज दिसत असेल तर अर्थिंग अपुरं आहे, आणखी सळ्या ठोका.

तपासा, रोज संध्याकाळी: टोकाचं व्होल्टेज, बॅटरीतलं पाणी, सौर पट्टीवरची धूळ, तारेला टेकलेलं गवत. हे काम कुणाचं ते नाव घेऊन ठरलेलं हवं. ‘सगळ्यांचं’ म्हटलं की कुणीच करत नाही. दर पन्नास-साठ मीटरवर धोक्याची पाटी लावा.

एकेकट्याने केलेलं कुंपण हत्तीला शेजाऱ्याकडे पाठवतं, एवढाच त्याचा गुण. जमत असेल तर अख्ख्या वाडीभोवती एकच कुंपण घाला आणि देखभालीचा निधी आधीच गोळा करा. निधी नसेल तर कुंपण घालूच नये असं माझं मत आहे. मेलेली तार हत्तीला ‘तारेला घाबरायचं कारण नाही’ हे शिकवते, आणि पुढच्या वर्षी चालू तारेलाही तो तसाच भिडतो.

चर खणायचा विचार असेल तर: हत्ती उडी मारू शकत नाही, म्हणून सरळ भिंतीचा, तीनेक मीटर खोल चर काम करतो. पण कोकणातल्या पावसात काठ ढासळतात, हत्ती स्वतः पायाने माती आत लोटून उतरंड करतो आणि ओढ्याच्या ठिकाणी चर तुटतोच. दरवर्षी गाळ काढायची तयारी असेल तरच हे काम हाती घ्या.

मधमाश्यांच्या पेट्यांबद्दल दरवेळी विचारलं जातं. केनियात शेताभोवती तारेने जोडलेल्या पेट्या चांगल्या चालल्या. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाने २०२१ पासून हा प्रयोग केला. पण आपली सातेरी माशी आफ्रिकेतल्या माशीइतकी आक्रमक नाही. पेट्या रिकाम्या राहतात, वसाहती उडून जातात आणि पावसाळ्यात सांभाळणं अवघड होतं. मधासाठी पेट्या ठेवा, कुंपणाचा भरवसा त्यांच्यावर टाकू नका. मिरचीच्या दोरीचंही तसंच: तेलात कालवून फासलेली मिरची मुसळधार पावसात धुऊन जाते. शेणाच्या गोवरीत सुकी मिरची घालून केलेला धूर मात्र कोरड्या हवेत, वारा जंगलाकडे वाहत असताना, काठावर उपयोगी पडतो. वारा फिरला तर खोकत तुम्हीच घरी याल.

टप्पा ४: खबर पोचायची सोय

माणसं मरतात त्यातली बरीच हत्तीच्या शोधात गेलेली नसतात. हत्ती तिथे आहे हेच त्यांना माहीत नसतं. तमिळनाडूत वालपाराईच्या चहामळ्यांत नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनने हेच ओळखून काम केलं: संध्याकाळी मोबाइलवर हत्तीच्या ठिकाणाचा संदेश आणि उंचावर दुरून दिसणारे लाल दिवे. हत्ती आसपास असेल तर दिवा लागतो आणि बसमधून उतरणारा मजूर सावध होतो.

आपल्या गावात याची साधी आवृत्ती करता येते. वनरक्षक, पोलीस पाटील, सरपंच, आशाताई, दूधवाला आणि शेजारच्या तीन गावांतला प्रत्येकी एक माणूस, एवढ्यांचा एक गट करा. त्यात फक्त चार गोष्टी लिहायच्या: कुठे, किती, कुणीकडे तोंड, किती वाजता. फोटो नको, चर्चा नको, ‘कालचा व्हिडिओ’ तर नकोच. जुना व्हिडिओ आजचा म्हणून फिरला की लोक चुकीच्या दिशेला पळतात. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी देवळाचा किंवा समाजमंदिराचा भोंगा.

वनरक्षकाचा, वनपालाचा आणि वनपरिक्षेत्र कार्यालयाचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा. वन विभागाचा टोल-फ्री क्रमांक १९२६.

तपासा: रविवारी एकदा खोटी खबर सोडून बघा. शेवटच्या घरापर्यंत पोचायला किती वेळ लागला? वाडीच्या टोकाचं एकटं घर आणि रानातला मांगर (शेतातलं खोपट) सुटत असेल तर तिथे जाऊन सांगणारा माणूस नेमा.

टप्पा ५: राखण

राखणीचा माळा जमिनीपासून उंच हवा आणि हत्तीला हलवता येणार नाही अशा जाड झाडावर हवा. चार बांबू रोवून केलेला माळा तो पाठ घासायला आला तरी पडतो. शेताच्या मधोमध खोपट घालून झोपणं बंद करा. झोपेत कळत नाही, आणि जाग येते तेव्हा तो दोन पावलांवर असतो.

निदान दोघे. पाळीने जागायचं. दारू पिऊन राखणीला आलेल्या माणसाला परत पाठवायचं, मग तो कुणीही असो. सोबत कुत्रा नको: हत्तीवर भुंकत जाणारं कुत्रं घाबरलं की थेट मालकाकडे पळत येतं आणि हत्ती त्याच्या मागे.

मोहाच्या हंगामात, मार्च-एप्रिलमध्ये, फुलं वेचायला पहाटे चारला निघण्याची सवय मोडा. उजाडल्यावर, घोळक्याने, बोलत जा. तेंदूपानाच्या वेळीही हेच. आदल्या रात्री कळप कुठे होता हे गटात विचारल्याशिवाय जंगलाच्या त्या भागात पाय ठेवू नका.

टप्पा ६: हत्ती शेतात शिरला

आता त्या रात्रीचा क्रम. यातली एकही पायरी ओलांडून पुढची करू नका.

१. माणसं मोजा. घरातली सगळी आत आहेत का, वाटेवर कोण आहे, त्यांना फोन करून जिथे आहेत तिथेच थांबवा.

२. वन विभागाला फोन करा. ठिकाण, संख्या, पिल्लू आहे का, माज दिसतो का.

३. हत्तीची परतीची वाट कोणती ते ठरवा. तो ज्या बाजूने आला, बहुधा तीच. त्या बाजूला एकही माणूस, गाडी, दिवा असता कामा नये. शेजारच्या गावाकडे ढकलणं म्हणजे स्वतःचा प्रश्न त्यांच्या दारात टाकणं. ते उद्या तेच तुमच्याशी करतील.

४. सगळे एका बाजूला उभे राहा, पक्क्या घराच्या किंवा वाहनाच्या आडोशाला. बोलणारा एकच. हाकारी पथक आलं की पुढारीपण त्यांचं आणि गावकरी मागे.

५. मग उजेड आणि आवाज, दुरूनच. जोरदार टॉर्च, जीपचे दिवे, ढोल, पत्रे. हत्ती वळला की आवाज थांबवा. वळलेल्या हत्तीमागे ओरडत जाणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक, कारण तो परत फिरतो तो तेव्हाच.

फटाके हत्ती काठावर असताना थोडे उपयोगी पडतात. रोज वाजवले तर आठवड्याभरात तो त्यांच्याकडे कान देत नाही. हत्तीच्या अंगावर सुतळी बॉम्ब, पेटते बोळे, दगड, बाण यांतलं काहीही टाकू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच हत्तींविरुद्ध आगीचे गोळे आणि टोकदार खिळे वापरण्याविरुद्ध राज्यांना फटकारलं होतं. पोळलेला हत्ती पिकासाठी येणं सोडत नाही. उलट त्यानंतर तो माणूस दिसताच अंगावर येऊ लागतो, आणि त्याची किंमत पलीकडच्या गावातला कुणीतरी देतो.

इशारा: कळपात पिल्लू असेल आणि तो आधीच उभ्या पिकात खात असेल तर हाकलू नका. पिकाची भरपाई मागता येते. अंधारात बिथरलेला कळप जितकं खातो त्याच्या कितीतरी पट तुडवतो.

गर्दी आवरत नसेल तर पोलीस पाटलाने तहसीलदारांना कळवून जमावबंदीचा आदेश मागावा. लाज वाटण्याचं कारण नाही. वन विभागाची माणसं हत्तीपेक्षा गर्दीने जास्त हैराण होतात, हे त्यांना विचारून बघा.

टप्पा ७: वाटेत गाठ पडली तर

हत्तीने तुम्हाला पाहिलं नसेल तर पळू नका, ओरडू नका. वारा कुठून येतोय ते बघा आणि तुमचा वास त्याच्याकडे जाणार नाही अशा बाजूने मागे सरका.

त्याने पाहिलं असेल, कान पसरले असतील, डोकं वर करून एक-दोन पावलं पुढे आला असेल, तर तो बहुधा इशारा देतोय. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू अंतर वाढवा. सोंड आत गुंडाळून, डोकं खाली घालून सरळ धावत आला तर मागे न बघता पळा आणि मध्ये काहीतरी आणा: जाड झाडांची रांग, मोठा खडक, पक्की भिंत, खोल चर. हातातली पिशवी, घोंगडी, शर्ट वाटेत टाका. कधीकधी तो वासासाठी तिथे थांबतो. ‘नागमोडी पळा’, ‘उताराने पळा’ असे सल्ले सगळीकडे फिरतात. त्यांच्यावर जीव टांगू नका, हत्ती उतारही उतरतो. अंतर आणि आडोसा, दोनच गोष्टी कामाच्या.

दुचाकीवर असाल तर शंभर मीटर आधीच थांबा. हॉर्न नको, दिवा डोळ्यांत नको, गाडी वळवून माघारी. बाजूने काढून घेऊ म्हणणारे बरेच जण गाडी सोडून पळालेले आहेत.

हत्ती अंगणात असेल तर आतले दिवे बंद करून, धान्याच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत, शांत. तो भिंतीला लागला तरच मागच्या दाराने बाहेर, लहान मुलं कडेवर घेऊन, ठरलेल्या पक्क्या घराकडे.

टप्पा ८: सकाळ आणि पंचनामा

हत्ती गेला असं गटात पक्कं कळल्याशिवाय शेतात उतरू नका. तो बरेचदा लगतच्या काजूच्या बागेत किंवा उसात दिवसभर उभा असतो.

मग पुढचा क्रम. पडलेलं पीक आवरू नका, मोडलेले माड-पोफळी तोडू नका. आधी फोटो: पायाचे ठसे आणि शेजारी मोजपट्टी किंवा टॉवेल, लेंडी, मोडलेली झाडं, आणि एक फोटो असा की शेताची ओळख पटावी. फोटोवर तारीख आणि ठिकाण येईल अशी सोय मोबाइलमध्ये चालू ठेवा. झाडं एकेक मोजा. ‘केळीची बाग उद्ध्वस्त’ असं लिहिल्यावर पंचनाम्यात अंदाजाचा आकडा पडतो, आणि तो तुमच्या बाजूचा क्वचितच असतो.

पीकनुकसानीची तक्रार तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलं ते सांगितलं नाही असं धरा. जनावर मेलं असेल तर ४८ तासांच्या आत कळवा आणि पंचनामा होईपर्यंत ते जागेवरून हलवू नका. माणूस जखमी झाला तर आधी सरकारी दवाखाना आणि केस पेपरवर ‘वन्य हत्तीच्या हल्ल्यात’ असं लिहून घेणं. नुसतं ‘पडून मार’ असं लिहिलं गेलं तर पुढची सगळी प्रकरणं अडतात.

कागद आधीच एका पिशवीत तयार ठेवा: सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुकाची प्रत. सातबाऱ्यावर भाऊबंदांची नावं सामाईक असतील तर त्यांचं संमतिपत्र लागतं, आणि मुंबईतल्या चुलतभावाची सही आणायला महिना जातो. ते पावसाळ्याआधीच करून घ्या. पीकपेऱ्याची नोंदही बघा: ई-पीक पाहणीत भात लावलेल्या जमिनीवर ‘पड’ दिसत असेल तर भात गेल्याचा दावा टिकत नाही.

पंचनाम्याला स्वतः हजर राहा. क्षेत्र, झाडांची संख्या आणि नुकसानीचं कारण वाचून पाहिल्यावरच सही करा, आकडा चुकला असेल तर सहीच्या वर तसं लिहा, आणि प्रतीचा मोबाइलने फोटो काढल्याशिवाय कागद परत देऊ नका.